पिनबॉलचा गल्ला कोण भरतो?

२५ ऑक्टोबर १९९९ रोजी शिकागोच्या विल्यम्स कंपनीने आपला पिनबॉल विभाग बंद केला. कंपनी बुडाली नव्हती. कॅसिनोतल्या स्लॉट मशीनचा तिचा दुसरा धंदा चांगला चालला होता, आणि पिनबॉलमध्ये अडकलेला पैसा तिकडे वळवणं सोयीचं होतं. सात वर्षांपूर्वी याच कंपनीने बॅली या नावाखाली ‘द ॲडम्स फॅमिली’ हे यंत्र काढलं होतं. त्याचे २०,२७० नग खपले. १९९७ सालचं ‘मिडिव्हल मॅडनेस’ आजही अनेक खेळाडू सर्वोत्तम यंत्रांत मोजतात. ते निघालं ४,०१६. म्हणजे पाच वर्षांत उत्पादन एक पंचमांशावर. हा आकडा समोर असताना कुठल्याही संचालक मंडळाने दुसरा निर्णय घेतला असता असं वाटत नाही.

त्यानंतर बराच काळ नवं पिनबॉल यंत्र हवं असेल तर व्यवहारात एकच दार उरलं. गॅरी स्टर्न यांनी १९९९ मध्येच सेगाकडून तिचा पिनबॉलचा धंदा विकत घेतला आणि त्याला आपलं आडनाव दिलं. २०१३ मध्ये जर्सी जॅक पिनबॉलचं ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ बाजारात येईपर्यंत स्टर्नला सांगण्यासारखा स्पर्धकच नव्हता. त्या वर्षांत या खेळाचे मृत्युलेख कित्येकांनी लिहून ठेवले होते. ते वाया गेले. आज अमेरिकेत आणि युरोपात मिळून बनवणारे बरेच आहेत. स्टर्नच्या साध्या, ‘प्रो’ नावाच्या मॉडेलला सुमारे ७ हजार डॉलर पडतात, म्हणजे आपले सहा लाखांच्या आसपास. क्रमांक घातलेली मर्यादित आवृत्ती १३ हजारांच्या घरात जाते, आणि विषय लोकांच्या आवडीचा असला तर जाहीर झाल्या झाल्या संपते. नाणं टाकून खेळायच्या जागा मात्र १९७० च्या दशकाच्या मानाने फारच थोड्या उरल्या आहेत. खेळायच्या जागा आटल्या आणि यंत्राची किंमत चढली, हे एकाच वेळी कसं झालं, हा या धंद्यातला मूळ प्रश्न आहे.

सुरुवातीचा हिशेब अगदी सरळ होता. १८७१ मध्ये सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बॅगाटेलच्या फळीला स्प्रिंगचा दांडा जोडून पेटंट घेतलं. खरा धंदा उभा राहिला तो महामंदीत. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलीब यांनी ‘बॅफल बॉल’ काढलं. साडेसतरा डॉलरचं हे यंत्र दुकानाच्या काउंटरवर मावायचं. त्याचे ५० हजारांहून जास्त नग गेले. खेळाला एक सेंट धरला तर १,७५० खेळांत यंत्राची किंमत निघते. बेकार माणसांनी भरलेल्या शहरात सिगारेटच्या दुकानदाराला यापेक्षा सोपी कमाई कुठली? गॉटलीबची यंत्रं पुरेशी मिळेनात म्हणून त्यांचेच एक वितरक रेमंड मोलोनी यांनी पुढच्या वर्षी ‘बॅलीहू’ काढलं, आणि त्यातून बॅली कंपनी झाली.

तेच गणित आज मांडू. ७ हजार डॉलरचं यंत्र, खेळाला एक डॉलर: वसुलीला ७ हजार खेळ लागतात. यंत्र बारमध्ये ठेवणाऱ्या ऑपरेटरला जागेच्या मालकाशी गल्ला बहुधा निम्मा वाटून घ्यावा लागतो, तेव्हा १४ हजार. समजा, यंत्र बऱ्या जागी आहे आणि आठवड्याला शंभर खेळ होतात. ऑपरेटरच्या हाती ५० डॉलर येतात आणि मुद्दल फिटायला पावणेतीन वर्षं लागतात. त्यात दुरुस्ती, गाडीचं पेट्रोल आणि कारागिराचा वेळ धरलेलाच नाही. शंभराच्या जागी चाळीसच खेळ झाले, तर मुद्दल सुटायच्या आत यंत्र म्हातारं होतं.

खेळाची किंमत वाढवायची सोय होती, पण ती कुणी वेळेवर वापरली नाही. पाव डॉलरचं नाणं अमेरिकन खेळघरांच्या हाडीमांसी इतकं खिळलं होतं, की भाववाढ झाली तरी लोक त्या नाण्यालाच धरून राहिले. १९८० मधल्या पाव डॉलरची किंमत आज साधारण ९५ सेंट होते. म्हणजे आज डॉलर घेणारा ऑपरेटर महाग झालेला नाही, उशिरा का होईना तो जागेवर आला आहे इतकंच. मधल्या काळात पाच चेंडूंचे तीन झाले, ती छुपी दरवाढच होती.

या खेळावर जुगाराचा डाग बसला होता, त्याची कथा बऱ्याच वेळा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी यंत्रं जप्त करून छायाचित्रकारांसमोर घणाने फोडली. चेंडू परत वर उडवणारे, खेळाडूच्या हातात असलेले फ्लिपर तेव्हा नव्हतेच. ते आले १९४७ मध्ये गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’सोबत. त्याआधी चेंडू सोडला की उरलेलं नशिबावर, त्यामुळे महापौरांचा आक्षेप तितकासा खुळा नव्हता. बंदी उठली १९७६ मध्ये, पत्रकार रॉजर शार्प यांनी नगरपरिषदेच्या सदस्यांसमोर चेंडू कुठल्या वाटेने जाणार हे आधी सांगून तो तिथूनच नेऊन दाखवला तेव्हा. या चौतीस वर्षांचा धंद्यावर एक परिणाम कायम राहिला. पैसे देणारं यंत्र चालणार नाही म्हणून कारखान्यांनी बक्षीस म्हणून फुकट खेळ देणं नीट बसवलं. किती गुणांवर फुकट खेळ द्यायचा, शेवटचे आकडे जुळले तर किती वेळा द्यायचा, हे ऑपरेटर आतून ठरवू शकतो. १९८६ च्या ‘हाय स्पीड’मध्ये तर यंत्रच गेल्या खेळांचे गुण पाहून ती पातळी आपोआप वरखाली करू लागलं. खेळाडूला वाटावं की आज आपला हात बसला, आणि गल्ल्याला मात्र ठरलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त तोटा होऊ नये.

मग व्हिडिओ गेम आले. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’, १९८० चा ‘पॅकमॅन’. पिनबॉलला त्यांनी हरवलं ते निव्वळ मनोरंजनात असं मला वाटत नाही. पडद्याचा खेळ चौकोनी पेटीत कमी जागेत बसतो आणि आत हलणारं काही नसतं. पिनबॉलमध्ये हलणाऱ्या गोष्टींशिवाय दुसरं काही नाहीच.

ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. यंत्राच्या पुढच्या बाजूचा लोखंडी पट्टा आतला चाप दाबून काढला, की काच आपल्याकडे सरकवून बाहेर येते. साडेसहा अंशांच्या उतारावर बसवलेली लाकडी फळी पुढून उचलून उभी टेकवायची. वरून रंगीत दिसणारा खेळ खालून तारांचं रान असतो: यंत्रात सुमारे साडेतीन हजार सुटे भाग आणि अर्धा मैल तार. प्रत्येक फ्लिपरखाली तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिच्यात नायलॉनची नळी, नळीत पुढे-मागे धावणारा लोखंडी दांडा. महिनोन् महिने खेळ झाला की नळी झिजते, दांड्याच्या टोकाला मुंडी येते, काळी भुकटी साचते आणि फ्लिपर दमल्यासारखा उठतो. खेळाडूला कारण कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आज रॅम्पवर चेंडू चढत नाही, आणि तो पुढच्या टेबलाकडे जातो. चेंडू ८० ग्रॅमचा, पोलादी. त्याला ओरखडे पडले की तोच सबंध फळीचा रंग कानसीसारखा खरवडत फिरतो. रबराच्या कड्या कडक होऊन तुटतात. एखाद्या स्विचची पातळ पट्टी केसभर वाकली, तर यंत्राला वाटतं चेंडू हरवला, आणि ते शोधाशोधीत सगळ्या गुंडाळ्या एकामागून एक धडाधड उडवू लागतं. यातलं प्रत्येक काम पाच-दहा मिनिटांचं आहे. पण ते करणारा माणूस दर आठवड्याला तिथे यावा लागतो, आणि त्याला हे काम यावं लागतं. पिनबॉलचा चालू खर्च म्हणजे मुख्यतः हा माणूस.

कुटुंबांसाठी असलेल्या मोठ्या खेळघरांनी पिनबॉलकडे पाठ फिरवली ती या माणसामुळे आणि तिकिटांमुळे. डेव्ह अँड बस्टर्स किंवा चक ई. चीज यांसारख्या साखळ्यांचा भर तिकीट देणाऱ्या यंत्रांवर आहे: कार्ड घासायचं, दहा-वीस सेकंदांत खेळ संपतो, तिकिटं मिळतात, ती साठवून शेवटी प्लास्टिकचं खेळणं. पिनबॉलवर चांगला खेळणारा माणूस एका डॉलरमध्ये वीस मिनिटं यंत्र अडवून बसतो. म्हणजे गिऱ्हाईक जितकं तरबेज, तितकं ते धंद्याला नुकसानीचं. इतर फार थोड्या धंद्यांत अशी विपरीत गोष्ट असेल.

जपानमध्ये याच बॅगाटेलची दुसरी शाखा, पाचिंको, वेगळ्या वाटेने गेली. तिथे जुगाराचा अंश काढून टाकला नाही. जिंकलेल्या वस्तू शेजारच्या खिडकीत विकून पैसे घेण्याची पळवाट राहिली, आणि त्यावर अवाढव्य उद्योग उभा राहिला. पण १९९० च्या दशकाच्या मध्यात सुमारे १८ हजार असलेली पाचिंकोची दालनं आता निम्म्याहून कमी झाली आहेत. तेव्हा ‘ला ग्वार्डिया नसते तर पिनबॉल तगला असता’ असं म्हणणाऱ्यांना तिकडे पाहावं लागेल.

पिनबॉलला तगवलं ते तळघरांनी. १९७०-८० च्या दशकांत खेळघरात नाणी टाकणारी मुलं चाळिशी-पन्नाशीची झाली, त्यांच्याकडे पैसा आला आणि अमेरिकन घरात बेसमेंटही होतं. आधी ती जुनी यंत्रं घेऊ लागली. ‘मिडिव्हल मॅडनेस’सारख्या यंत्राचे भाव इतके चढले, की शिकागो गेमिंग कंपनीने २०१५ मध्ये तेच यंत्र नव्याने काढलं, आणि लोकांनी ८ हजार डॉलरच्या आसपास मोजून घेतलं. स्टर्नने या गिऱ्हाइकाची नाडी ओळखली. एकच खेळ तीन दरांत: ऑपरेटरसाठी ‘प्रो’, हौशी माणसासाठी ‘प्रीमियम’, आणि संग्राहकासाठी क्रमांक कोरलेली मर्यादित आवृत्ती. फळीचा आराखडा बराचसा तोच. वरच्या दरात प्लास्टिकच्या जागी धातू, एखादं हलणारं जास्तीचं खेळणं, आरशासारखी काच, सही. जर्सी जॅकने याच शिडीवर आणखी वर जाऊन २०२२ मध्ये ‘टॉय स्टोरी ४’ची संग्राहक आवृत्ती १५ हजार डॉलरला विकली.

विषयांची निवडही या गिऱ्हाइकाचं वय सांगते. एसी/डीसी, मेटालिका, आयर्न मेडन, गॉडझिला, जॉज. पंधरा वर्षांच्या मुलासाठी यातलं फारसं काही नाही. नावाचे हक्क घ्यायला पैसे पडतात, पण ओळखीचं नाव नसेल तर यंत्र न खेळताच सात हजार डॉलर कोण देणार? घरचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा यंत्र आधी पाहतही नाही. चित्रफीत पाहून मागणी नोंदवतं.

खेळाच्या आतलं गणितही यामुळे बदललं. नाण्यावर चालणारं यंत्र रचताना रचनाकाराच्या डोक्यात एक घड्याळ असायचं: खेळ दोन-तीन मिनिटांत संपला पाहिजे, आणि संपताना खेळाडूला ‘थोडक्यात गेलं’ असं वाटलं पाहिजे. घरचा मालक तेच यंत्र हजार वेळा खेळणार, म्हणून आता त्यात कादंबरीएवढे नियम असतात. एक मोहीम, तिच्यात उपमोहीम, सगळ्या पुऱ्या केल्या की शेवटचा टप्पा, जो बहुतेक मालकांना कधीच दिसत नाही. सॉफ्टवेअर अर्धवट अवस्थेत विकलं जातं आणि पुढे वर्ष-दोन वर्षं त्याला भर घालतात. स्पर्धांतले विजेते कीथ एल्विन रचनाकार झाले, आणि त्यांचं २०२१ चं ‘गॉडझिला’ जाणकारांना फार आवडलं. मलाही त्यातली रचना असामान्य वाटते. पण बारमध्ये पहिल्यांदा डॉलर टाकणाऱ्या पोरीला त्या यंत्रात काय दिसतं? तीन चेंडू, दीड मिनिट, आणि पडद्यावर काहीतरी ओरडून सांगणारा राक्षस. घरगुती गिऱ्हाइकासाठी केलेली ही खोली नव्या खेळाडूला बाहेरच ठेवते, आणि कारखान्यांना याची पुरेशी चिंता वाटते असं दिसत नाही.

कोविडच्या काळात हे सगळं टोकाला गेलं. बार बंद, ऑपरेटरची यंत्रं अंधारात, आणि घरी अडकलेल्या लोकांच्या हातात न खर्चलेला प्रवासाचा पैसा. जुन्या यंत्रांचे भाव वेड्यासारखे चढले. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगच्या पिनबॉल संग्रहालयाची हजारावर यंत्रं लिलावात निघाली, तेव्हाच्या बोल्या पाहून जुने ऑपरेटर चक्रावले. ‘फक्त घरगुती वापर’ ही पाटी भाव चढवते, आणि काही यंत्रं तर खोक्यातून बाहेर न काढता, कपाटातल्या घडी न मोडलेल्या पैठणीसारखी, पुढच्या विक्रीसाठी ठेवलेली असतात. २०२३ पासून तो ताप उतरला आहे. भाव खाली आले, आणि गुंतवणूक म्हणून घेतलेल्या मर्यादित आवृत्त्या काही जणांना तोट्यात विकाव्या लागल्या. हे चांगलंच झालं.

घरगुती गिऱ्हाईक आगाऊ पैसे देतं, आणि तिथे या धंद्याचा सर्वांत वाईट भाग आहे. यंत्र रचणं एक, कारखाना चालवणं दुसरं. वेल्सची हायवे पिनबॉल २०१८ मध्ये बुडाली. ऑस्ट्रेलियाची हॅगिस २०२४ मध्ये. नेदरलँड्समधल्या डच पिनबॉलच्या ‘बिग लेबोव्स्की’साठी पैसे भरलेल्या अनेकांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं. टेक्सासच्या डीपरूटवर तर २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने दावा लावला; गुंतवणूकदारांकडून सुमारे ५.८ कोटी डॉलर गोळा केल्याचा आणि त्यांची दिशाभूल केल्याचा आरोप होता. याउलट विस्कॉन्सिनमधल्या बेंटन या छोट्या गावातल्या स्पूकी पिनबॉलने कमी नग, ठरलेला आकडा आणि ‘झाले की दिले’ अशी पद्धत धरली. २०२० मध्ये तिचे ‘रिक अँड मॉर्टी’चे ७५० नग काही तासांत नोंदले गेले. कारखाना लहान ठेवण्यातच या धंद्यात शहाणपण आहे असं दिसतं.

आपल्याकडे या खेळाची मुळं फार पसरली नाहीत. मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत खिळ्यांची बॅगाटेलची फळी असायची, ती या खेळाची आजी म्हणायला हरकत नाही. नातवंडाशी आपली भेट झाली ती संगणकावर: विंडोज एक्सपीबरोबर आलेला ‘स्पेस कॅडेट’, सायबर कॅफेत आणि सरकारी कचेऱ्यांत सारख्याच भक्तिभावाने खेळला गेलेला. (६४ बिटच्या संगणकांसाठी त्याचा कोड बदलताना चेंडू वस्तूंच्या आरपार जाऊ लागला, म्हणून मायक्रोसॉफ्टने तो पुढे काढून टाकला.) खरं यंत्र मॉलच्या खेळघरात क्वचितच दिसतं. ११० किलोचं वजन समुद्रापारहून आणायचं, त्यावर जकात, मग मुंबईच्या दमट हवेत गंजणारे संपर्क, आणि वर सांगितलेला तो कारागीर कुठेच नाही. तरी एक धागा आहे: ‘हूडिनी’ या २०१७ च्या यंत्राने पदार्पण करणारी शिकागोजवळची अमेरिकन पिनबॉल ही ऐमट्रॉन या भारतीय वंशाच्या उद्योजकांच्या समूहातून निघाली, आणि या समूहाचा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना बडोद्याला आहे.

सार्वजनिक जागांचं पुढे काय, याचं उत्तर गल्ल्याची पद्धत बदलणाऱ्यांकडे आहे. शिकागोजवळच्या ब्रुकफील्डमधलं गॅलपिंग घोस्ट दारात एकदाच पैसे घेतं, मग दिवसभर खेळा. कॅलिफोर्नियातल्या अलामेडाचं पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आणि बुडापेस्टचं फ्लिपर संग्रहालय यांचाही हाच रस्ता. यात तरबेज खेळाडू नुकसानीचा राहत नाही. लास वेगासचं पिनबॉल हॉल ऑफ फेम अजून नाण्यांवर चालतं, पण ती ना-नफा संस्था आहे आणि तिच्या दारातून पर्यटकांचा लोंढा जातो. २००४ मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू झालेल्या बारकेडच्या धर्तीवरच्या बारांत कमाई बिअरवर होते. यंत्राने माणसाला दोन तास बसवलं की त्याचं काम झालं. तिथे आठवड्याच्या मधल्या, एरवी रिकाम्या रात्री लीग भरतात. २०१३ मध्ये ओकलंडमध्ये सुरू झालेल्या ‘बेल्स अँड चाइम्स’ने बायकांच्या लीगचं जाळं उभं केलं, आणि मिशाळ पन्नाशीच्या खेळाला त्यामुळे जरा मोकळी हवा मिळाली. स्टर्नने २०२१ पासून यंत्रं इंटरनेटला जोडली. खेळाडू आपलं खातं उघडून कुठल्याही बारमधले गुण जमा करतो. बारच्या यंत्रावरची ओळख घरच्या विक्रीपर्यंत नेण्याचा तो मार्ग आहे, हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे.

कारण घरं यंत्रं विकत घेतात, पण घरात नवं गिऱ्हाईक तयार होत नाही, निदान पुरेसं होत नाही. ज्याने कुठे तरी डॉलर टाकून हात बसवला, तोच पुढे सात हजार मोजतो. उलट ऑपरेटरही घरांवर जगतो. वर मांडलेला पावणेतीन वर्षांचा हिशेब आणखी लांबण्याआधी तो यंत्र विकतो, आणि घरगुती गिऱ्हाईक ते चांगल्या भावात घेतं, म्हणून त्याला पुढचं नवं यंत्र आणता येतं. २०२१ मध्ये ही पुनर्विक्री ऑपरेटरला गल्ल्याइतकीच महत्त्वाची झाली होती. भाव उतरले की सर्वांत आधी त्याच्याच हिशेबात भोक पडतं.

म्हणून स्वस्त यंत्राची वाट बघणारे बरेच आहेत. प्रयत्न झाले. हजार डॉलरच्या आत-बाहेर पडद्याचं पिनबॉल मिळतं, आर्केडवनअप किंवा ॲटगेम्सचं; त्यात फ्लिपरची बटणं खरी आणि बाकी सगळं टीव्ही. टेक्सासच्या मल्टिमॉर्फिकने एकाच कॅबिनेटमध्ये खेळाची फळी बदलायची सोय केली, पण पायाभूत यंत्रच महाग. स्टर्ननेही घरासाठी हलकं, साधं मॉडेल साडेचार हजार डॉलरच्या आसपास काढलं, नाण्याची पेटी नसलेलं. ते फारसं रुजलं नाही. थोडे पैसे जास्त टाकले की बारमधून आलेलं, पाचशे-हजार तास खेळलेलं ‘प्रो’ मिळतं, नव्या रबराच्या कड्या टाकून पुन्हा बारसारखं खेळणारं. आणि दोन वर्षांनी विकायचं झालं तर त्यालाच गिऱ्हाईक आधी येतं.